आधी लिहायचं, मग बघायचं

कोणी मला ‘तुम्ही काय करता?’ असं विचारलं, तर मी ‘कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते’ असं सांगते. तिथेच थांबले तर बरं असतं. ‘आणि नेमबाजांची शिबिरं घेते’ असं पुढे म्हटलं की समोरचा माणूस आधी माझ्या साडीकडे बघतो, मग चष्म्याकडे, आणि विचारतो, “वाघ मारलाय का कधी?”

नाही. मी आयुष्यात कागदाशिवाय काहीही मारलेलं नाही. आमच्या प्रकारात पन्नास मीटरवर एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं. त्यावर काळं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध शर्टाच्या गुंडीएवढं दहा गुणांचं घर. जमिनीवर पालथं पडायचं, रायफलचा पट्टा डाव्या दंडाला आवळायचा आणि साठ गोळ्या झाडायच्या. साठ गुणिले दहा म्हणजे सहाशे. चांगला नेमबाज पाचशे ऐंशीच्या घरात असतो. म्हणजे दीड-दोन तासांत त्याच्या हातून वीसेक चुका होतात आणि त्यातली प्रत्येक चूक त्याला आयुष्यभर आठवते. असल्या माणसांबरोबर राहायला स्वभाव लागतो. माझा आहे, कारण मला याद्या करायला आवडतात आणि त्यांना चुका मोजायला.

आता पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय. कपाट आवरताना सत्तरीच्या दशकाच्या शेवटी घेतलेल्या एका शिबिराच्या वह्या हाताशी लागल्या. ते शिबिर म्हटलं तर फसलं. त्याबद्दल लिहायचं राहून गेलं होतं.

तेव्हा झालं असं. परदेशात एक स्पर्धा होती आणि महिलांचा रायफल संघ पाठवायचा विचार पहिल्यांदाच चालला होता. संघ तिघींचा. तिघींच्या गुणांची बेरीज म्हणजे संघाचे गुण, इतकं ते सरळ असतं. निवड समितीने मला पत्र पाठवलं: मे महिन्याच्या सुट्टीत शिबिर घ्या, शेवटी आमचे निरीक्षक येऊन चाचणी घेतील. तिघींची बेरीज सतराशे चाळीस झाली तर संघ जाईल. नाही झाली, तर जिचे गुण सर्वांत जास्त ती एकटी वैयक्तिक स्पर्धेला जाईल.

माझी पहिली यादी एकशे बारा कलमांची होती. सतरंज्या, वाऱ्याचे झेंडे, पेन्सिली, टाचण्या, ग्लुकोज, विंचवावरचं औषध. एकशे आठव्या कलमावर निशाणामागे लावायचा दुसरा कागद होता. मोठ्या रेंजवर मूळ कार्डामागे असा एक कागद असतो. गोळी दोन्हींतून जाते आणि दोन भोकांच्या कोनावरून ती कुठल्या जागेवरून आली ते कळतं. आमच्याकडच्या लाकडी चौकटींत तो बसेना, म्हणून मी त्यापुढे ‘पुढच्या वेळी’ असा शेरा मारला. तो शेरा लक्षात ठेवा.

तिघी आल्या. वसुंधराताई इंदूरकडच्या जहागीरदार घराण्यातल्या, पस्तिशीच्या. स्वतःची परदेशी रायफल, स्वतःची सतरंजी, स्वतःचं पाणी. बोलणं कमी आणि तेही सरळ. सगळ्यांत जास्त गुण त्यांचेच असायचे आणि संघ गेला काय, न गेला काय, त्या जाणारच होत्या. दुसरी शकुंतला आहेर, देवळ्याच्या कांदेवाल्या शेतकऱ्याची मुलगी, पोलिसात शिपाई. रायफल क्लबाची, कोट कुणाचा तरी मागून आणलेला, आणि नजर ससाण्याची. तिसरी सुनंदा पगारे, नाशिकरोडच्या बौद्ध वसाहतीतली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. संघ जाणार असं ऐकून तिने पासपोर्ट आधीच काढून घेतला होता. त्यांच्या कॉलनीतला तो पहिला पासपोर्ट. “बाई, निम्म्या कॉलनीने त्यातला फोटो बघून झालाय,” ती म्हणाली, “आता गेले नाही तर मला घर बदलावं लागेल.”

पहिल्या आठवड्यात मी तिघींचं मातेरं केलं. संघ म्हणजे सगळं एकसारखं, अशी माझी समजूत. पाचला उठणं, साडेपाचला व्यायाम, सहाला चहा-पोहे, साडेसहाला रेंज. तिघींचेही गुण खाली आले. कारण शोधायला मला चार दिवस लागले. पट्टा दंडाला आवळलेला असतो, त्यामुळे हृदयाचा ठोका रायफलच्या नळीपर्यंत पोचतो. चहाने वसुंधराताईंची नाडी वाढायची. त्या स्पर्धेच्या दिवशी चहाच घेत नाहीत, पण शिस्त म्हणून घेत होत्या. सुनंदाला चहा दोनदा लागायचा. शकूला व्यायाम केल्यावर लगेच पडायला सांगितलं की तिचा हात थरथरे.

“मग बोलला का नाहीत?” मी चिडून विचारलं.

“तुम्ही यादीत लिहिलं होतं,” वसुंधराताई म्हणाल्या.

“आमच्यात वरून हुकूम आला की बोलायचं नसतं,” शकू म्हणाली.

“आणि मी बोलले होते,” सुनंदा म्हणाली, “पण तुम्ही तेव्हा टाचण्या मोजत होतात.”

ती यादी मी फाडली. उठणं, खाणं, चहा ज्याचं त्याचं. एकसारखं ठेवायचं ते एवढंच की रेंजवर काय कळलं ते तिघींना कळलं पाहिजे. हे चहाहून अवघड निघालं. नेमबाज एकटा वाढतो. वारा किती असताना रायफलवरची नेमाची खूण किती सरकवली हे तो वहीत लिहितो आणि वही उशाखाली ठेवतो. ज्याला सांगायचं तोच उद्या आपल्या विरुद्ध उभा राहणार असतो. मी नियम केला: तिघींच्या वह्या बाकावर उघड्या राहतील. आणि वहीत दोन रकाने: ‘वाटलं’ आणि ‘दिसलं’. गोळी सुटली की दुर्बिणीला डोळा लावायच्या आधी, ती कुठे गेली असं वाटतं ते पहिल्या रकान्यात लिहायचं. कार्ड म्हणजे घड्याळ समजायचं. ‘नऊ, तीन वाजता’ म्हणजे नऊ गुण, उजव्या बाजूला. मग दुर्बिणीतून बघून दुसरा रकाना भरायचा. आधी लिहायचं, मग बघायचं. दोन्ही रकाने जुळले तर हात आणि मन जागेवर. नाही जुळले तर वाऱ्याने फसवलं किंवा आपणच आपल्याला.

वसुंधराताईंनी वही बाकावर ठेवली, पण मिटून.

“ताईसाहेब, ती उघडी ठेवायची हाय,” शकू म्हणाली.

“वाऱ्याने पानं उडतात.”

“मग दगड ठेवते ना मी.” आणि तिने खरंच गोदावरीतला एक गोटा आणून ठेवला. ताईसाहेबांना इतक्या सरळपणे कोणी अडवलं नसावं. वही उघडी राहिली.

वारा हे आमचं मुख्य दुखणं. रेंज उत्तरेकडे तोंड करून, डाव्या हाताला त्र्यंबकच्या बाजूचे डोंगर. मे महिन्यात नऊ वाजले की तिकडून वारा सुटतो आणि कार्ड मृगजळात नाचायला लागतं. घोटीचे वामनदादा आमची कार्डं बदलायचे. ते सकाळी आले की आधी जाहीर करायचे, “बाई, आज लय बेकार सुटणार हाय.” हे ते रोज म्हणत आणि रोज खरं ठरे, पण कधी सुटणार ते त्यांनाही सांगता यायचं नाही.

ते सांगितलं शकूच्या वडिलांनी. देवळ्याहून ते कांद्याचं अर्धं पोतं घेऊन लेकीला बघायला आले. सकाळभर बाभळीखाली बसून राहिले. दहा वाजता मला म्हणाले, “बाई, वारा येवाना आधी दिसस. ह्या पोरी समोर देखतस. डावीकडला गवत देखा ना.” आयुष्यभर बाजरी उफणलेला माणूस तो. सूप उचलायच्या आधी वारा कुठून येतोय ते त्याला बघावंच लागतं.

मी त्याच दुपारी पद्धत ठरवली. डावीकडच्या जागेला वारा आधी लागतो. म्हणजे त्या जागेचा झेंडा आधी हलतो आणि तिथली गोळी आधी उजवीकडे ढळते. तेव्हा प्रत्येकीने आपल्या डावीकडच्या कार्डावर नजर ठेवायची. तीन नंबरवर शकू, चारवर वसुंधराताई, पाचवर सुनंदा. ताईंनी शकूचं कार्ड बघायचं, सुनंदाने ताईंचं. शकूने गवत.

“मी कधीही दुसऱ्याच्या कार्डाकडे बघितलेलं नाही,” वसुंधराताई म्हणाल्या. “गरज पडली नाही.”

“संघासाठी पडेल,” मी म्हटलं.

त्यांनी बघायला सुरुवात केली ती कर्तव्य म्हणून. सरावात एकीने झाडायचं आणि दुसरीने बाजूला पडून दुर्बिणीतून वारा सांगायचा, अशा जोड्या मी लावल्या होत्या. सुनंदा ते ट्रंककॉलसारखं करायची: “हॅलो, वारा बोलतोय, डावीकडून, जोरात, होल्ड करा.” शकू हसून रायफल खाली ठेवी. वसुंधराताई मात्र शकूशेजारी दगडासारख्या पडून असायच्या. तिसऱ्या आठवड्यात मी मागून ऐकलं, “थांब. आत्ता नको... नको... हं, आता.” गोळी सुटली. “दहा. शाब्बास.” शकू मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिली. शाब्बास हा शब्द ताईंकडून मीही पहिल्यांदाच ऐकत होते. पुढे त्या जेवताना स्वतःच्या गुणांआधी शकूचे गुण विचारायला लागल्या. आपल्या काडतुसांचा एक चांगला गठ्ठा शकूच्या रायफलला जास्त मानवतो असं झाडून बघताना दिसलं, तर अर्धा तिला देऊन टाकला. परदेशी काडतुसं तेव्हा किती दुर्मिळ होती ते माहीत असलेल्यालाच त्याचं मोल कळेल.

शेवटच्या आठवड्यात तिघींची बेरीज सतराशे चाळीसच्या वर जायला लागली. मी सामानाची यादी करायला घेतली. तीन नावं, तीन रकाने.

चाचणीच्या दिवशी निरीक्षक आले, सैन्यातून निवृत्त झालेले, मृदू बोलणारे गृहस्थ. रेंजवर त्या दिवशी बोलायला बंदी. वारा सांगणं नाही, काही नाही. आपापल्या जागेवरून बघण्याला हरकत नव्हती. एका कार्डावर पाच गोळ्या, अशी बारा कार्डं. मी मागे बसून तिघींची बेरीज कार्डागणिक मांडत होते. अकरा कार्डं झाली तेव्हा शकू आणि सुनंदा आपल्या नेहमीच्या चालीवर होत्या आणि वसुंधराताई शिबिरातल्या सर्वांत चांगल्या दिवसाच्या वाटेवर होत्या. सतराशे चाळीस सहज मागे पडणार होते.

बाराव्या कार्डावर वारा सुटला. सुनंदाने गडबड न करता पाच गोळ्या संपवल्या आणि उठून माझ्यामागे येऊन बसली. शकूची शेवटची गोळी राहिली होती, ताईंचीही. मी शकूला झाडताना पाहिलं. तिने पेन्सिल उचलून वहीत काहीतरी लिहिलं. तेवढ्यात ताईंची रायफल वाजली. त्यांनीही लिहिलं. मग दोघींनी दुर्बिणीला डोळा लावला आणि दोघीही हलेनात.

ताईंच्या कार्डावर चारच भोकं होती. शकूच्या कार्डावर सहा.

हे कसं होतं ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. गोळी झाडायच्या आधी ताईंनी डावीकडे शकूच्या कार्डाकडे पाहिलं, वाऱ्यासाठी. माझ्याच नियमाप्रमाणे. मग डोळा रायफलला लावला आणि समोर जे काळं वर्तुळ आलं त्यावर नेम धरला. ते शकूचं होतं. नवशिका असं करत नाही, त्याचं लक्ष फक्त आपल्या कार्डावर असतं. शेजारणीची काळजी करणारीच हे करू शकते. नियम असा की दुसऱ्याच्या कार्डावर झाडली तर आपली ती गोळी शून्य. म्हणजे ताईंचे दहा गुण गेले.

निरीक्षक वाकून दुर्बिणीत बघत म्हणाले, “तीन नंबरवर नवीन भोकं दोन. एक दहा, एक आठ. तुमची कोणती?”

इथे तो एकशे आठव्या कलमाचा कागद असता तर प्रश्नच नव्हता. कोण कुठून आलं ते कोनावरून कळलं असतं. नव्हता.

शकू बोलायच्या आत वसुंधराताई म्हणाल्या, “आठ माझा. दहा तिचा.”

माझी पेन्सिल थांबली. मागून सुनंदाचा श्वास ऐकू आला. तिने आणि मी, दोघींनीही मनात बेरीज केली होती. ताईंचे पाचशे अठ्ठ्याहत्तर, सुनंदाचे पाचशे एकोणऐंशी. शकूचा दहा धरला तर पाचशे त्र्याऐंशी. एकूण सतराशे चाळीस. बरोब्बर. आठ धरला तर दोन कमी.

“ठीक आहे,” निरीक्षक म्हणाले. “झाडणारी स्वतः सांगतेय. आणि संशय असला तरी फायदा तीन नंबरलाच मिळतो. दहा लिहितो.”

“सायेब,” शकू पडल्या जागेवरून म्हणाली, “दहा माझा नाय.”

“शकू,” ताई म्हणाल्या, “आठ माझा आहे. मला कळतं माझी गोळी कुठे गेली ते.”

“मलाबी कळतं, ताईसाहेब. तुम्हीच शिकवलं.” आणि तिने वही उचलून निरीक्षकांकडे नाही, माझ्याकडे धरली.

मी ती घेतली. शेवटच्या ओळीत, ‘वाटलं’च्या रकान्यात: आठ, तीन वाजता. ‘दिसलं’ कोरा. मग मी ताईंची वही मागितली. त्यांनी लगेच दिली नाही. दिली तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. ‘वाटलं’: दहा, मध्य. ‘दिसलं’: आठ.

पुढचं मिनिट मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. दोन्ही वह्या माझ्या हातात होत्या. निरीक्षकांनी मागितल्या नव्हत्या. त्यांची पेन्सिल दहावर टेकलेली होती. मी वह्या मिटून मांडीवर ठेवल्या असत्या तर शकू एकटी काय करणार होती? ताई आणि निरीक्षक, दोघा मोठ्या माणसांनी दहा म्हटल्यावर शिपाई मुलीचं कोण ऐकणार? पासपोर्टवाली माझ्यामागे श्वास रोखून बसली होती. आणि पाच आठवडे मी ज्याची वाट पाहत होते ते आत्ताच माझ्यासमोर घडलं होतं. जिला संघाशी देणंघेणं नव्हतं ती बाई आपल्या नावावर शून्य घेऊन वर संघासाठी खोटं बोलत होती. स्वतःसाठी ती कधी बोलली नसती.

मी दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या. ताईंच्या वहीतला फक्त पहिला रकाना वाचला.

निरीक्षकांनी आठ लिहिला. बेरीज सतराशे अडतीस.

वामनदादा कार्डं घेऊन आले. बराच वेळ कोणी कोट काढला नाही, त्या उन्हात. मग शकूच रडायला लागली, कारण सर्वांत जास्त गुण आता तिचे होते आणि एकटी जाणार होती ती.

“रडतेस कशाला?” सुनंदा म्हणाली. “मीही तेच केलं असतं.” थोड्या वेळाने म्हणाली, “पण ते करायची पाळी माझ्यावर आली असती तर बरं झालं असतं. निदान मी गेले असते.” ती हसली नाही आणि आम्हीही हसलो नाही.

वसुंधराताई पट्टा गुंडाळत होत्या. “मला नीट खोटं बोलता येत नाही,” त्या मला म्हणाल्या. “सवय नाही.”

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “भरल्या रायफलवर हात गेला की दुसऱ्याकडे बघायचं नाही, आणि परत बघताना आधी नंबर वाचायचा, हे मी नियमात घालायला हवं होतं.”

“घाला आता,” त्या म्हणाल्या.

घातलं. माझ्या प्रत्येक शिबिरात ते आता पहिलं कलम असतं आणि निशाणामागचा कागद दुसरं. चौकटी मी त्याच पावसाळ्यात सुताराकडून नव्या करून घेतल्या.

शकू एकटी गेली. तिच्या सामानाची यादी मी केली. तीन रकाने आखलेले होतेच, तेच वापरले. रायफल क्लबाची. कोट वसुंधराताईंचा, खांद्यात उसवून बसता केलेला. काडतुसं ताईंची, उरलेला अर्धा गठ्ठाही. दुर्बीण सुनंदाची. तिच्या ऑफिसातल्यांनी वर्गणी काढून दिलेली. ती तिने आपणहून आणून ठेवली आणि लगेच निघून गेली, थांबली नाही. शकू तिकडे पहिल्या दहांतही आली नाही. पत्रात लिहिलं होतं, ‘बाई, इथं वारा उजवीकडून येतो. उजवीकडं बघितलं. नंबर वाचला.’

पुढच्या वेळी संघ गेला. त्यात सुनंदा होती, शकू होती आणि एक नवी मुलगी. कॉलनीने सुनंदाला हार घातला, पण पहिल्या पासपोर्टचं अप्रूप तोवर संपलं होतं, असं तीच म्हणाली. वसुंधराताईंनी पुन्हा स्पर्धा खेळली नाही. माझ्या पुढच्या दोन शिबिरांना आल्या आणि बाजूला पडून मुलींना वारा सांगत राहिल्या.

त्या वह्या आता माझ्या टेबलावर आहेत. निवृत्तीआधी सगळी कागदपत्रं तपासून, चुकीच्या नोंदी दुरुस्त करून, सही करून नव्या बाईंच्या हवाली करायची असा माझा बेत आहे. शकूची वही तपासली. सुनंदाची तपासली. वसुंधराताईंच्या वहीत पाच आठवड्यांत एकच चुकीची नोंद आहे, शेवटच्या पानावर, ‘दिसलं’च्या रकान्यात, ठाम अक्षरात. आठ.

ती मी दुरुस्त केलेली नाही. खाली सही केली आहे.